फँटसी लिहिणारे लोक दिवसभर करतात तरी काय? नोकरी सोडावी लागते का?

अजिबात नाही. टॉल्किन यांचं ‘द हॉबिट’ हे फँटसीचं पुस्तक १९३७ साली आलं तेव्हा ते ऑक्सफर्डला जुनी इंग्रजी शिकवत होते. त्याचं पहिलं वाक्य तर त्यांनी उत्तरपत्रिका तपासता तपासता एका कोऱ्या पानावर खरडलं होतं! भाषा रचायचा त्यांचा नाद मात्र त्याहून कितीतरी जुना.

मी ठाण्यात राहते, हिशेबाची नोकरी करते आणि पहाटे तासभर लिहिते. (मार्चअखेरीला तेही नाही.) बाकी सगळं वाचन. आणि ते फँटसीचं कमी. जुने नकाशे, गॅझेटिअर, ताम्रपट, वनस्पतींची पुस्तकं जास्त. १८९३ पासूनचं मराठी ग्रंथसंग्रहालय इथेच आहे, त्याचा फायदा घ्या. शिलाहार राजांच्या काळात ठाण्याला श्रीस्थानक म्हणत, हे कळल्यावर मासुंदा तलावाच्या काठाने भेळ खात जातानाही डोक्यात वेगळंच शहर उभं राहतं. माझ्या कादंबरीतली बुडालेली राजधानी तिथूनच आली.

ड्रॅगन काय, कोणीही लिहील. त्या राज्यात मीठ कुठून येतं, कर कोण गोळा करतं, हे ठरवताना माझे महिने गेलेत. तिथे हिशेबाची नोकरी कामाला आली.