गाईचा प्रायॉन माणसात येतो, हे उंदरांवरून कसं कळतं?

कळतं, पण उंदीर कुठला घेतला यावर बरंच अवलंबून आहे.

प्रायॉन म्हणजे चुकीची घडी पडलेलं प्रथिन. शरीरातल्या चांगल्या प्रथिनालाही ते तशीच घडी पाडतं. दोन प्राण्यांची ही प्रथिनं नीट जुळली नाहीत तर आजार सहसा अडतो. हॅमस्टरमध्ये वाढवलेला स्क्रेपी, म्हणजे मुळात मेंढ्यांना होणारा प्रायॉनचा आजार, टोचला तरी साधा उंदीर सहसा आजारी पडत नाही. 1989 मध्ये प्रायॉनवर काम करणारे अमेरिकी शास्त्रज्ञ स्टॅन्ली प्रुसिनर यांच्या गटाने उंदरात हॅमस्टरचं जनुक घातलं आणि तो अडसर मोडला.

मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते ब्रिटनमधलं काम. 1996 मध्ये तिथे तरुणांमध्ये क्रॉइट्झफेल्ट-याकोब या माणसांतल्या प्रायॉन-आजाराचं नवं रूप समोर आलं. संशय मॅड काऊवर, म्हणजे गाईंच्या प्रायॉन-आजारावर होता, पण माणसावर प्रयोग कसा करणार? एडिनबरोच्या संशोधकांनी रुग्णांच्या मेंदूचा अंश ठरावीक वाणांच्या उंदरांना टोचला. मग महिनोन्‌महिने वाट पाहायची. उंदराचा तोल किती दिवसांनी जातो ते मोजायचं, मेंदूचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरून कुठल्या भागात किती भोकं पडलीत त्याला गुण द्यायचे. गाईंच्या नमुन्यांनी आधी जे चित्र दिलं होतं, तेच 1997 मध्ये माणसांच्या नमुन्यांनी दिलं, म्हणजे दोन्हींमागे प्रायॉन एकच.

एक मात्र नक्की लक्षात ठेवा. पहिल्या फेरीत उंदीर धडधाकट दिसला तरी त्याच्या मेंदूत प्रायॉन गुपचूप वाढत असू शकतो, आणि तो पुढच्या उंदराला टोचला की आजार उमटतो. म्हणून दुसरी फेरी न करता 'संसर्ग होत नाही' असं लिहिलेलं मला पटत नाही.