वाढवाणा तलावावर पहाटे काढलेले बदकांचे फोटो काळपट आणि दाणेदार का येतात?

आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाबद्दलची संवेदनशीलता) ८०० वर अडवून ठेवल्यामुळे. तो ३२०० किंवा ६४०० पर्यंत खुशाल जाऊ द्या. दाणे मुळात प्रकाश कमी पडल्याने येतात, आणि अंधारा फोटो नंतर संगणकावर उजळला की ते आणखी उठून दिसतात. बडोद्याहून थंडीत मी बरेचदा वाढवाण्याला जातो, तिथली दुसरी गोम म्हणजे मागचं चकाकतं पाणी. कॅमेरा त्याला भुलतो आणि पक्षी काळा करतो, म्हणून एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो कॅमेऱ्याच्या अंदाजापेक्षा उजळ किंवा गडद करायची सेटिंग) +०.७ ते +१ ठेवा. वारकरी (कूट हा पाणपक्षी) किंवा तलवार बदक निवांत तरंगत असेल तर १/२५० सेकंद शटर स्पीड पुरतो. पट्टकादंबांचा (बार-हेडेड गूज) थवा उठला की मात्र १/१६०० च्या खाली नको, पंख फराटल्यासारखे दिसतात. दाणे काढता येतात, हललेला फोटो सुधारत नाही.

एडिटिंगसाठी रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) हवीच. आधी नॉइज, म्हणजे दाणे, कमी करा, मग शार्पनेस, तोही फक्त पक्ष्यावर. पाण्यावर दिलात तर गेलेले दाणे परत येतात. पहाटेचा निळसरपणा पूर्ण पुसू नका, नाहीतर फोटो दुपारचा वाटतो.

सूर्य पक्ष्याच्या बरोबर मागे असेल तर मात्र उलटं करा: एक्स्पोजर −१ वर न्या आणि नुसती काळी आकृती घ्या.