जिन्यातला दिवा छताला की भिंतीला?

प्रश्न : रत्नागिरीत आमची चार मजल्यांची, 16 फ्लॅटची सोसायटी आहे. लिफ्ट नाही. जिन्यातल्या जुन्या ट्यूबा काढून नवे दिवे लावायचे ठरले आहे. एक कंत्राटदार छताला गोल पॅनेल लावू म्हणतो, दुसरा भिंतीला बल्कहेड, म्हणजे भिंतीवर बसणारा झाकणाचा बंद दिवा, सुचवतो. शिवाय तळमजल्याच्या प्रवेशाजवळ पीओपी करून आत बसणारे दिवे लावावेत, असा काही सभासदांचा आग्रह आहे. गेल्या पावसाळ्यात माझ्या सासूबाई संध्याकाळी जिना उतरताना पडल्या, म्हणून मला हे काम नीट व्हायला हवे आहे. काय निवडावे?
– सोसायटीच्या सचिव

उत्तर : ताई, सासूबाई आता बऱ्या असतील अशी आशा करतो. त्या उतरताना पडल्या, हे तुम्ही लिहिलंत ते बरं झालं, कारण जिन्यातला दिवा उतरणाऱ्या माणसासाठी लावायचा असतो. दिवा पाठीमागे वर राहिला की माणसाची स्वतःचीच सावली पुढच्या पायरीवर पडते आणि पायरीची कड दिसेनाशी होते. म्हणून मजल्याच्या आणि मधल्या अशा प्रत्येक लँडिंगवर एकेक दिवा हवा, म्हणजे मागच्या दिव्याने पडलेली सावली पुढचा दिवा पुसून टाकतो. मी तुमच्या जागी भिंतीचा बल्कहेडच घेईन. जमिनीपासून सात फुटांवर, दुधी झाकणाचा. पारदर्शक काचेचा नको, समोरून डोळ्यांवर येतो.

छताच्या पॅनेलला माझा विरोध वेगळ्या कारणासाठी आहे. 31 वर्षं वायरमनचं काम करताना मी एक गोष्ट सतत पाहिली : पायऱ्यांच्या वर छताला लावलेला दिवा एकदा गेला की तो गेलाच. पायऱ्यांवर शिडी उभी राहत नाही, वॉचमन चढायला तयार नसतो, आणि तो जिना महिनोन्‌महिने अंधारात राहतो. भिंतीवरचा दिवा स्टुलावर उभं राहून बदलता येतो. फक्त लँडिंगच्या कोपऱ्याजवळ लावू नका. कपाट वर नेताना वळणावर पहिला धक्का त्यालाच बसतो.

आता तुमच्याकडचा पाऊस. जिना जाळीचा असेल तर झड आत येतेच. बल्कहेडवर आयपी65 लिहिलेलं बघा. त्यातला 6 म्हणजे धूळ अजिबात आत जात नाही, आणि 5 म्हणजे कुठल्याही बाजूने पाण्याचा फवारा आला तरी टिकतो. पण हे सगळं लावणाऱ्याच्या हातात असतं. घाईचा माणूस दिव्याच्या पाठीत ड्रिलने भोक पाडून वायर घालतो, आणि त्याच भोकातून भिंतीतली ओल आत जाते. वायर खालच्या बाजूने, रबरी ग्लँडमधूनच, म्हणजे वायरभोवती घट्ट बसणाऱ्या बुचातूनच घ्यायला लावा. वरची कड आणि दोन्ही बाजू सिलिकॉनने बंद करा, खालची कड मोकळी ठेवा. आत जमलेल्या वाफेला बाहेर पडायला वाट लागते.

जुन्या जिन्यांत बहुतेक वेळा दोनच वायरी सापडतात, अर्थिंगची नसते. बॉडी धातूची घेतलीत तर तिसरी वायर ओढावीच लागेल, यात काटकसर करू नका. ती ओढणं शक्य नसेल तर अशी प्लास्टिक बॉडी घ्या जिच्यावर चौकोनात चौकोन अशी खूण असते. त्या दिव्याला दुहेरी इन्सुलेशन असतं, अर्थिंग लागत नाही.

पीओपीबद्दल स्पष्ट सांगतो, करू नका. एका इमारतीच्या पोर्चमध्ये मी स्वतः असे दिवे बसवले होते. वरचा स्लॅब पहिल्याच पावसात झिरपला, पाणी पीओपीत साठलं आणि ड्रायव्हरमध्ये, म्हणजे दिव्याला वीज पुरवणाऱ्या डबीत उतरलं. रोज संध्याकाळी आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, पडायचा आणि अख्खा जिना अंधारात जायचा. दोष शोधायला पीओपी फोडावं लागलं. मला त्या रहिवाशांची आजही चुटपुट लागते. प्रवेशाला स्लॅबवर बाहेरून बसणारे दोन दिवे पुरतात, आणि ओल आलीच तर ती डोळ्यांना दिसते.

वीजबिलाची चिंता असेल तर हिशोब करा : 10 वॅटचे आठ दिवे रोज 11 तास, म्हणजे महिन्याला साधारण 26 युनिट. एवढ्यासाठी कोणी नसताना जिन्यात पूर्ण अंधार करणारे सेन्सर नकोत. प्रकाश 4000 केल्विनचा घ्या (केल्विन म्हणजे प्रकाशाच्या रंगाचं माप), 6500चा पांढराफटक नको. गेटच्या खांबावर 3000चा पिवळसर लावा, त्याच्याकडे पावसाळी किडे कमी येतात.

ऑर्डर देण्याआधी एकच नमुना आणा. मधल्या लँडिंगवर तात्पुरती वायर जोडून खिळ्याला टांगा आणि संध्याकाळी साडेसातला सासूबाईंना कठडा धरून, तुमचा हात धरून, दोनदा उतरायला सांगा. त्या म्हणतील तिथे पेन्सिलने भिंतीवर खूण करा आणि ड्रिल तिथेच मारायला लावा.