‘ते’ परत आलं तर?

समुपदेशनाच्या पहिल्या भेटीत त्यांनी तो शब्द एकदाही उच्चारला नाही. ‘ते’, ‘लांबडं’, फार तर ‘जनावर’. मी सहज ‘साप’ म्हणून गेले, तर त्यांनी दोन्ही पाय खुर्चीवर उचलून घेतले. दुपारचे चार वाजले होते आणि माझी खोली दुसऱ्या मजल्यावर आहे.

त्यांना इथे नुसतं ताई म्हणते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मुलुंड पश्चिमेला डोंगराच्या पायथ्याशी, जुन्या इमारतीत तळमजल्यावरचं घर. मागे दहा-बारा फुटांचं परस. तुळस, कढीपत्ता, थोडं अळू, कपडे धुवायचा दगड. कंपाउंडच्या भिंतीपलीकडे झाडी, आणि ती चढत चढत थेट संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला मिळते. मुंबईत एवढं परस म्हणजे चैनच. ताईंनी परसाचं दार दहा महिने उघडलं नव्हतं.

त्यांनी प्रश्न कागदावर लिहून आणला होता. ‘ते परत आलं तर? मला वेड लागतंय का?’ पाऊस तोंडावर आला की बोरिवली, आरे, भांडुप, ठाणे या बाजूंनी असे फोन मला येतातच. नाही, हे वेड नव्हे. पण भीतीने घराचा ताबा घेतला होता, हे खरं. मोरीच्या जाळीवर वरवंटा. ओले कपडे हॉलमध्ये. पाचवीतल्या मुलाला मागे जायला बंदी. झाडांना पाणी घालायचा पाइप एका रात्री अंधारात दिसला, तर दुसऱ्या दिवशी तो भंगारात गेला. आणि रात्री पलंगाखाली टॉर्च. किती वेळा, ते मी मोजायला सांगितलं. चौदा.

“आमचे हे म्हणतात, साप म्हणून भुई धोपटतेस,” त्या म्हणाल्या. गंमत अशी की त्याच डोंगरावर बिबट्या फिरतो, सोसायटीच्या कॅमेऱ्यात तो दोनदा दिसलाही होता, आणि त्याची ताईंना फारशी भीती वाटत नव्हती. भीती नेहमी धोक्याच्या मापाने शिवलेली नसते.

तिसऱ्या भेटीत खरी गोष्ट बाहेर आली. गेल्या श्रावणात, नागपंचमीच्या दोन दिवस आधी, धुण्याच्या दगडाखालून तो साप निघाला. ताई किंचाळल्या, वॉचमनकाका काठी घेऊन धावले आणि त्यांनी तो ठेचला. नंतर आलेल्या सर्पमित्राने बघून सांगितलं, धामण होती. बिनविषारी, उंदीर खाणारी. सासूबाई म्हणाल्या, “आता डूख धरणार. जोडीदार येतो.” त्र्यंबकेश्वरला जाऊन नागबळी करायची बोलणी सुरू झाली.

म्हणजे चौदा वेळा टॉर्च फिरत होता तो सापासाठी कमी, त्या मेलेल्या धामणीसाठी जास्त. ‘सापाची भीती’ असं लेबल लावून मी दोन भेटी पाइप आणि पलंगाभोवती घालवल्या होत्या.

साप डूख धरत नाही. माणूस लक्षात ठेवून सूड घ्यायचा, एवढं त्याच्या मेंदूला झेपतच नाही. तो येतो उंदरामागे, बेडकामागे, किंवा पावसाने बीळ भरलं म्हणून कोरडी जागा शोधत. हे मी सांगितलं, ताईंनी मान डोलावली, आणि टॉर्च चौदाच राहिले. अपराधीपणाला माहिती पुरत नाही. “काठी तुम्ही मारली नाहीत” हेही मी म्हटलं नाही, कारण हाक त्यांचीच होती. धामण मारणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, हेही त्या वाचून आल्या होत्या. मी एवढंच विचारलं, “त्या क्षणी दुसरं काय करता येतं, हे माहीत होतं?” नव्हतं. वनखात्याची १९२६ ही हेल्पलाइन त्यांनी तेव्हा ऐकलीही नव्हती. दोन दिवसांनी त्यांनी तो नंबर पुठ्ठ्यावर लिहून वॉचमनच्या केबिनमध्ये टांगला. नागबळीला मी हो किंवा नाही काहीच म्हटलं नाही. तो विषय आपोआप मागे पडला.

मग खात्रीचा हट्ट. “परत येणार नाही, असं सांगा ना मॅडम.” नाही सांगता येत. डोंगराला टेकून राहायचं तर कधीतरी दिसणारच. टॉर्च मारला की दहा मिनिटं बरं वाटतं, आणि मन शिकतं की आपण वाचलो ते टॉर्चमुळेच. म्हणून आम्ही टॉर्च दर आठवड्याला दोनने कमी केला.

बाकी काम पायरीपायरीने भीतीला सामोरं जाण्याचं. मानसोपचारतज्ज्ञ जोसेफ वोल्पे यांनी १९५०च्या दशकात मांडलेल्या पद्धतीतून आलेलं. आधी नुसता शब्द. मग मुलाने काढलेलं चित्र. मग फोटो. फोटोपाशी मी घाई केली, त्या दोन आठवडे आल्याच नाहीत, चूक माझी. मग दार उघडून उंबऱ्यावर उभं राहणं. शेवटी कढीपत्ता तोडून आणणं.

भीतीतला रास्त भाग मात्र मी पुसला नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या डोंगराच्या आसपास आहेत. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि चावा कधीकधी जाणवतही नाही. म्हणून पलंग, नीट खोचलेली मच्छरदाणी. परसातल्या विटांचा ढीग हलवला, मांजराचं उरलेलं खाणं रात्री उचललं, दाराखालची फट बुजवली, मोरीला पक्की जाळी बसवली. कार्बोलिक ॲसिड शिंपडू नका म्हटलं. त्याचा भरवसा नाही आणि घरात मूल आहे. साप दिसलाच तर लांब राहायचं, नजर ठेवायची, फोन करायचा. घरात पालींमागे येणारा बिनविषारी कवड्या आणि विषारी मण्यार यांत भले भले गफलत करतात, तेव्हा ओळखायला जवळ जायचं नाही. चावलाच तर तो भाग हलवायचा नाही, आवळून बांधायचं नाही, कापायचं नाही, थेट हॉस्पिटल.

जुलैच्या शेवटी फोन आला. “मॅडम, साप आला होता. मोरीपाशी. दार लावलं, खिडकीतून बघत बसले, वीस मिनिटांत सर्पमित्र आला. हात थरथरत होते हो.”

“कोणता होता?”

“विचारायचं राहिलंच. भात लागत होता खाली.”