घरसजावट : वाचकांचे प्रश्न – पलंगाशेजारी चकचकीत टेबले ठेवताना

प्रश्न : आमची शयनखोली दहा बाय अकरा फुटांची आहे. सासूबाईंच्या माहेरून आलेला, पॉलिश केलेला सागवानी पलंग तसाच ठेवून त्याच्या दोन्ही बाजूंना पांढरी, चकचकीत साइड टेबले करून घ्यावीत असे माझ्या मनात आहे. यजमानांच्या मते ती विजोड दिसतील. कृपया रंग, माप आणि मांडणी यांबद्दल मार्गदर्शन करावे.
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : रंग ठरवण्याआधी एक गोष्ट पाहून घ्यावी. गुळगुळीत पृष्ठभागावर पडलेला प्रकाश न विखुरता एका दिशेने परततो, त्यामुळे चकचकीत टेबलाच्या दर्शनी बाजूवर समोर जे असेल तेच उमटते. ते काय असेल हे आधी कळण्यासाठी टेबलाच्या नियोजित जागी, साधारण त्याच उंचीवर, घरातलाच एखादा आरसा उभा धरावा आणि दारातून, तसेच पलंगावर पडून त्यात काय दिसते ते पाहावे. खिडकी किंवा मोकळी भिंत दिसत असेल तर समोरच्या इमारतीमुळे अंधारलेल्या खोलीतही ही टेबले थोडा उजेड खेळवतील. वाळलेल्या कपड्यांचा ढीग किंवा उघडे कपाट दिसत असेल, तर तो पसारा दुप्पट होऊन डोळ्यांसमोर राहील. मग खोलीतली मांडणी बदलावी किंवा त्या बाजूच्या टेबलाला चकाकीच देऊ नये.

सागवान आणि चकाकी यांचे वैर आहे असे मला वाटत नाही. जुन्या घरांतील पलंग-कपाटांवर लाखेचे पॉलिश हाताने चोळून चढवलेले असे आणि त्याची स्वतःची एक सौम्य झळाळी असे. मरीन ड्राइव्ह आणि ओव्हल मैदानाच्या कडेने उभ्या असलेल्या ज्या आर्ट डेको इमारतींना २०१८ मध्ये, परिसरातील व्हिक्टोरियन इमारतींसह, जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्या शैलीच्या फर्निचरमध्येही गुळगुळीत पॉलिश केलेले लाकूड, आरसे आणि गोलाई दिलेल्या कडा यांना मोठे स्थान होते. आपल्या यजमानांचा आक्षेप मला मान्य आहे तो फक्त रंगाबाबत. निळसर झाक असलेला शुभ्र पांढरा रंग सागवानाच्या उबदार तपकिरीजवळ रुक्ष आणि परका दिसतो. त्याऐवजी हस्तिदंती किंवा फिकट साईसारखा रंग घ्यावा. काळा, गडद मरून किंवा बाटलीसारखा हिरवा रंगही सागवानाजवळ देखणा दिसतो, पण गडद चकाकीवर धूळ आणि बोटांचे ठसे लगेच उठून दिसतात. मुंबईत खिडक्या उघड्या ठेवणाऱ्या घराला रोजची पुसपास चुकत नाही.

मापाचे गणित सोपे आहे. पलंग ६० इंच रुंद आहे आणि त्याची डोक्याची बाजू दहा फुटी, म्हणजे १२० इंचांच्या भिंतीला लागून मधोमध आहे असे धरले, तर दोन्ही बाजूंना ३० इंच उरतात. तेथे १६ ते १८ इंच रुंदीचे टेबल पुरेसे होते. त्याहून मोठे टेबल केल्यास पडद्याला आणि झाडूला जागा उरत नाही. उंची मात्र पलंगावरून नव्हे, गादीसह मोजावी. टेबलाचा वरचा भाग गादीच्या पातळीत किंवा त्याहून दोनेक इंच खाली असावा, म्हणजे पडल्या पडल्या पाण्याच्या भांड्यापर्यंत हात सहज पोहोचतो. तयार मिळणारी बरीचशी टेबले आजच्या बुटक्या पलंगांना धरून केलेली असतात, त्यामुळे जुन्या उंच पलंगाशेजारी ती हमखास खुजी दिसतात. जोगेश्वरीच्या ओशिवरा बाजारात फिरणार असाल तर गादीसह उंचीचे माप लिहून सोबत न्यावे.

माझा आग्रह असा की चकाकी खणांच्या दर्शनी फळीवरच ठेवावी आणि टेबलाचा माथा मॅट किंवा दगडी करावा. पलंगावर पडल्यावर डोळा आणि टेबलाचा माथा जवळपास एकाच पातळीत येतात. माथा चकचकीत असेल तर दिव्याचे प्रतिबिंब थेट डोळ्यांत येते आणि वाचन त्रासाचे होते. दिव्याला कापडी किंवा दुधी काचेची शेड असावी आणि बल्ब २७०० ते ३००० केल्विनचा, पिवळसर उजेडाचा घ्यावा, कारण ६५०० केल्विनच्या पांढऱ्या ट्यूबलाइटखाली हस्तिदंती रंगही फिक्कट आणि थंड दिसू लागतो. बाकी खोलीत चकाकीची पुनरावृत्ती टाळावी. चादर सुती, पडदा जाडसर विणीचा आणि भिंतीचा रंग मॅट असला, म्हणजे ती दोन टेबले खोलीत उठून दिसतील. कपाटाची दारेही चकचकीत केली तर त्यांचा प्रभाव संपतो.

प्रश्न : आमच्या सुताराने अ‍ॅक्रिलिक, पीयू (पॉलियुरेथेनचा, फवारून द्यायचा) रंग आणि चकचकीत सनमायका असे तीन पर्याय सांगितले आहेत. आधीचे साइड टेबल दोन पावसाळ्यांत खालून फुगले, म्हणून भीती वाटते. कोणता पर्याय टिकेल?
– एक वाचक, दादर

उत्तर : आपले टेबल वरच्या थरामुळे फुगलेले नसावे, म्हणून तिन्ही पर्यायांची तुलना करण्याआधी आतील फळीकडे वळू. मुंबईत एकट्या जुलैमध्ये सरासरी आठशे मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्या काळात हवेतला दमटपणा आठवडेच्या आठवडे हटत नाही. एमडीएफ ही लाकडाच्या तंतूंची दाबून केलेली फळी असते. तिच्या कापलेल्या, उघड्या कडेतून पाणी शिरले की तंतू फुगतात आणि वाळल्यावरही पूर्ववत होत नाहीत. लादी पुसताना ओला पोछा रोज जेथे टेकतो, ती खालची कड बहुधा सर्वांत आधी जाते. तरीही चकचकीत दर्शनी भागासाठी कारागीर अशाच फळ्या सुचवतात, कारण प्लायवुडचा पृष्ठभाग तितका सपाट नसतो आणि चकाकीखाली त्याचे बारीकसे उंचसखलपणही लाटेसारखे दिसते.

यातून मार्ग असा : सांगाडा आयएस ७१० या भारतीय मानकाच्या, पाण्याला टिकणाऱ्या प्लायवुडचा करावा आणि खणांच्या दर्शनी फळ्यांपुरती ओलावा-प्रतिरोधक घनदाट फळी वापरावी. मागची बाजू आणि तळ धरून सर्व कडा बंद करून घ्याव्यात. दिसत नाही म्हणून मागची कड उघडी सोडण्याची पद्धत आहे, ती अजिबात मान्य करू नये. टेबलाला चार ते सहा इंचांचे पाय द्यावेत किंवा ते भिंतीला टांगून घ्यावे, म्हणजे पोछा खालून निघून जातो. टांगायचे झाल्यास भिंत विटांची आहे की नव्या इमारतीतील हलक्या ब्लॉकची, हे आधी पाहून त्याला योग्य असेच अँकर वापरावेत. बाहेरच्या भिंतीला ओल येत असेल तर तिच्या आणि टेबलाच्या मध्ये बोटभर फट ठेवावी. समुद्राजवळच्या घरात खणांचे चॅनेल आणि स्क्रू स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत.

आता वरचा थर. साधारण एक मिलिमीटर जाडीचा सनमायका स्वस्त असतो आणि ओरखड्यांना सहसा दाद देत नाही, मात्र त्याची चकाकी उथळ वाटते. अ‍ॅक्रिलिकची चकाकी खोल आणि आरशासारखी असते, पण त्यावर बारीक ओरखडे लवकर उठतात. पीयू फवारलेल्या फळीला जोड दिसत नाहीत आणि गोल कडाही छान होतात, परंतु टवका उडाला तर तेवढाच भाग बेमालूम दुरुस्त करणे अवघड जाते, शिवाय पांढरा पीयू उन्हाने कालांतराने पिवळसर होतो. ही फवारणी राहत्या घरात करू देऊ नये, कारण ओल्या रंगावर बसलेला धुळीचा प्रत्येक कण पुढे कायम दिसतो. कार्यशाळेतील बंद जागेतच ती करून घ्यावी. लहान मुले असलेल्या घरात मी सनमायकाच निवडीन. फक्त मोठ्यांच्या खोलीसाठी, आणि ऊन थेट पडत नसेल तर, पीयू.

प्रश्न : चकचकीत टेबल कशाने पुसावे?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : धूळ कोरड्या फडक्याने घासू नये, त्याने गोल गोल ओरखडे उठतात. द्रव साबणाचे दोन थेंब टाकलेल्या पाण्यात मायक्रोफायबरचे कापड भिजवून, घट्ट पिळून, हलक्या हाताने पुसावे आणि लगेच कोरडे करावे. थिनर वापरू नये. अ‍ॅक्रिलिकवर अमोनिया असलेला काचा पुसण्याचा फवाराही टाळावा, त्याने चकाकी धुरकट होते. नेलपॉलिश काढण्याच्या द्रवातील अ‍ॅसिटोन तर अ‍ॅक्रिलिक विरघळवते, म्हणून ती बाटली या टेबलावर न ठेवता आतल्या खणात, झाकण घट्ट लावून ठेवावी. नव्या टेबलावरची संरक्षक फिल्म खोलीतले रंगकाम आणि साफसफाई पूर्ण झाल्यावरच काढावी.