हफ्त-सीनसाठी गव्हाचं सब्जे: कधी भिजवायचं आणि बुरशी का येते?

तुमचा प्रश्न असा आहे: नवरोजसाठी (इराणी नववर्षासाठी) सब्जे, म्हणजे ताटलीत उगवलेले हिरवे कोंब, किती दिवस आधी लावायचं, त्यावर पांढरं का धरतं आणि हफ्त-सीन या मांडणीतल्या ‘स’ने सुरू होणाऱ्या सात वस्तूंचा अर्थ काय.

गहू असेल तर सुमारे दोन आठवडे आधी भिजवा. मुंबईच्या उकाड्यात दोन-तीन दिवस उशिरा लावलं तरी चालतं, कारण लवकर लावलेली पाती ऐन सणाला आडवी पडतात. आठ इंची ताटलीला अर्धी-पाऊण वाटी पुरे. औषध लावलेलं बियाणं नको, फुटके दाणे आधी वेचून काढा, सगळ्यात आधी तेच कुजतात.

एक दिवस भिजत ठेवा, पाणी दोन-तीनदा बदला. मग ओल्या फडक्यात बांधा. पांढरं टोक दिसलं की ताटलीत पसरा, थर एक-दोन दाण्यांचाच हवा. वर ओलसर पातळ कापड, दिवसातून दोनदा पाणी शिंपडायचं आणि साचलेलं ताटली तिरपी करून ओतून टाकायचं. कोंब इंचभर झाले की कापड काढून उजेडात ठेवा.

मुळांवरची पांढरी लव म्हणजे बुरशी नव्हे. पाणी शिंपडल्यावर ती बसते. बुरशी जाळ्यासारखी दाण्यांवर पसरते आणि कुबट वास येतो. कारण बहुतेक वेळा जाड थर किंवा तळाचं पाणी.

सब्जे म्हणजे पुन्हा उगवणारं जीवन. घटस्थापनेतलं धान्य पाहिलेल्याला हे वेगळं सांगायला नको. माझ्या मते खरी कमाल मात्र समनू या गोड पदार्थाची. तेही मोडाच्या गव्हाचंच, पण कोंब हिरवे होण्याआधी वाटायचे, नाहीतर कडू होतं. रस आणि पीठ तासन् तास ढवळत शिजवतात, साखर अजिबात नाही. मोड येताना तयार झालेली विकरं पिठातल्या स्टार्चची साखर करतात. म्हणून ते बळ आणि समृद्धीचं प्रतीक.

बाकीच्यांत सीब (सफरचंद) सौंदर्य आणि आरोग्याचं, सीर (लसूण) रोगनिवारणाचं, सेंजेद हे सुकं फळ प्रेमाचं, सुमाक हा आंबट लाल मसाला उगवत्या सूर्याच्या रंगाचं, सेर्के (व्हिनेगर) वय आणि संयमाचं. काही घरी नाणी किंवा सोनबोलची (हायसिंथची) फुलंही ठेवतात.

वर्ष बदलतं ते वसंतसंपाताच्या (मार्चमध्ये सूर्य विषुववृत्त ओलांडतो त्या) नेमक्या क्षणी, त्यामुळे वेळ दरवर्षी वेगळी असते, कधी मध्यरात्रीही. पंचांगाचा पहिला दिवस ठरवताना मात्र इराणी प्रमाणवेळेची दुपार पाहतात: संपात त्याआधी झाला तर तोच दिवस, नंतर झाला तर पुढचा.

तेराव्या दिवशी, सिझ्दाह बेदरला, पात्यांना गाठी मारून सब्जे वाहत्या पाण्यात सोडतात. मातीविना वाढलेलं असल्याने तोवर ते बुडाशी पिवळं पडलेलं असतंच, ती तुमची चूक नाही. जवळ नदी नसेल तर कुंडीतल्या मातीत पुरा.