वाचकांचे प्रश्न : जुन्या ट्रकच्या स्पीडोमीटरची केबल

प्रश्न : माझ्याकडे १९५० च्या दशकातला एक ट्रक असून त्याची बहुतेक कामे मी स्वतःच करतो. स्पीडोमीटरची केबल तुटली म्हणून मी नवी बसवली, पण ती ३०० किलोमीटरही टिकली नाही. तुटण्यापूर्वी काही दिवस कमी वेगात काटा थरथरत होता आणि डॅशबोर्डमागून किरकिर ऐकू येत होती. आता आणखी एक केबल आणली आहे. ती बसवताना कोणती काळजी घ्यावी?

उत्तर : नवी केबल आपण अजून बसवलेली नाही, हे फार चांगले झाले. आधीची तुटलेली केबल फेकून दिली नसेल तर आधी ती हातात घ्या, कारण ती कोठे आणि कशी तुटली हे नीट पाहिले की का तुटली हेही बहुतेक वेळा कळते.

या मीटरला चालायला फारच थोडे बळ लागते. गिअरबॉक्सच्या मागच्या भागात आउटपुट शाफ्टवर, म्हणजे चाकांकडे गती नेणाऱ्या दांड्यावर, एक पेचदार गिअर असतो आणि त्याच्यात अडकलेला लहान गिअर केबलची आतली तार फिरवतो. ही तार मीटरमधले एक चुंबक फिरवते. चुंबकाला लागून, पण त्याला स्पर्श न करता, अ‍ॅल्युमिनियमची एक पातळ वाटी बसवलेली असते. फिरत्या चुंबकामुळे वाटीत भोवरा-प्रवाह, म्हणजे विजेचे गोल गोल फिरणारे प्रवाह, निर्माण होतात आणि ती चुंबकाबरोबर वळू पाहते, तर केसासारखी बारीक स्प्रिंग तिला मागे खेचते, आणि या दोन ओढी जेथे तुल्यबळ होतात तेथे काटा थांबतो. जर्मनीत ऑटो शुल्झ यांनी १९०२ मध्ये पेटंट घेतलेली ही रचना पुढे अनेक दशके जवळजवळ तशीच वापरात राहिली. सांगायचा मुद्दा असा की, जे मीटर दोन बोटांच्या चिमटीनेही सहज फिरते, त्याने पोलादी तार तोडावी हे स्वाभाविक नाही. तार तुटली याचा अर्थ तिला कोठेतरी काहीतरी अडवत होते, आणि तो अडथळा आजही तेथेच असेल तर नवी केबलही जुन्याच वाटेने जाईल.

तार मीटरजवळ तुटली असेल आणि तिथल्या तारा पीळ उलगडल्यासारख्या फुललेल्या असतील, तर मीटरचा दांडा जड झाला आहे असे समजावे. मधेच तुटली असेल आणि तुटलेल्या जागेच्या आसपास एका बाजूला घासून आरशासारखा चकचकीत पट्टा उमटला असेल, तर दोष केबलच्या वळणाचा आहे. गिअरबॉक्सकडचे चौकोनी टोक झिजून गोल झाले असेल, तर तार आखूड असल्यामुळे ते टोक खाचेत पुरते बसत नव्हते, किंवा त्या गिअरची खाच खराब झाली आहे. आपण लिहिलेल्या किरकिरीवरून माझा पहिला संशय मीटरवरच जातो.

म्हणून सुरुवात मीटरपासून करा. बॅटरीची निगेटिव्ह जोडणी काढून मीटर बाहेर घ्या, तुटलेल्या तारेचा चौकोनी टोकाचा तुकडा मीटरच्या मागच्या खाचेत घाला आणि दोन बोटांनी फिरवून पाहा. दांडा कोठेही न अडखळता फिरला पाहिजे आणि झटका देऊन फिरवल्यावर काटा थोडा उचलून पुन्हा शून्यावर आला पाहिजे. खरखर जाणवत असेल तर दांडा ज्या नळीत फिरतो ते बुश कोरडे पडले आहे. पुष्कळ जुन्या मीटरांत त्या जागी तेलासाठी बारीक छिद्र आणि आत नमद्याची वात असते. तेथे पातळ तेलाचे एक-दोन थेंब पुरतात. तेल याहून जास्त झाले तर ते वाटी आणि चुंबक यांच्यामधल्या फटीत उतरते आणि मग काटा भलताच वेग दाखवू लागतो. तेलानंतरही दांडा जड वाटत असेल तर मीटर जाणकाराकडून उघडून घ्यावे आणि तोपर्यंत नवी केबल जोडू नये.

दुसरे टोक गिअरबॉक्सचे. नट सोडवण्यापूर्वी तिथली माती आणि चिखल ब्रशने पूर्ण साफ करा, कारण तेथून आत पडलेला कचरा थेट गिअरवर जातो. खाली भांडेही ठेवा, कारण थोडे तेल गळू शकते. लहान गिअर बाहेर काढून त्याचे दात आणि चौकोनी खाच उजेडात पाहा. तुटलेल्या तारेचा खालचा तुकडा बाहेरच्या आवरणात किंवा त्या खाचेत अडकून राहतो आणि पुष्कळांच्या ते लक्षातच येत नाही. नवी तार आत का बसत नाही म्हणून लोक ती जोराने दाबतात आणि ती वाकवून बसतात.

आता नवी केबल. आतली तार बाहेर काढून सपाट टेबलावर ठेवा आणि तळहाताने हलकेच लोळवा. सरळ तार शांतपणे लोळते, मुरड पडलेली तार प्रत्येक फेऱ्याला टेबलावरून उडी मारते. अशी मुरड हाताने सरळ होत नाही, ती तार बदलूनच घ्यावी.

यानंतर लांबी तपासावी, आणि इथे घाई करू नये अशी माझी आग्रहाची विनंती आहे. तार आखूड असली तर टोक खाचेतून निसटते, एवढेच नुकसान होते. पण ती लांब असली तर नट आवळताच ती मीटरच्या दांड्याला आतून रेटत राहते आणि काही दिवसांतच बुश खाऊन टाकते. दोन्ही टोके बसल्यावर तारेला साधारण २ ते ३ मिलिमीटर मागेपुढे सरकण्याइतकी मोकळीक असली पाहिजे. आवरण वाकवल्यावर हे माप किंचित बदलते, त्यामुळे केबल ट्रकमध्ये तिच्या खऱ्या मार्गावर ठेवूनच ते तपासावे.

मार्ग आखताना कोणतेही वळण १५ सेंटीमीटर त्रिज्येपेक्षा लहान नको, आणि मीटरला तसेच गिअरबॉक्सला भिडण्यापूर्वीचा थोडा भाग तरी सरळ असावा. कमी वेगात काटा थरथरण्याचे कारण बहुधा येथेच सापडते : घट्ट वळणात तार अडकते, तिच्यात पीळ साठतो, मग ती एकदम सुटते आणि काटा उडी मारतो. केबल एक्झॉस्टपासून आणि क्लचच्या जोडदांड्यांपासून दूर न्यावी, आणि केबिनच्या पत्र्यातून जाते तेथे ग्रोमेट, म्हणजे छिद्राच्या कडेला बसणारे रबरी कडे, असावेच. ट्रकची केबिन आणि गिअरबॉक्स रबरी आधारांवर वेगवेगळे हलतात, म्हणून दोन्हींच्या मध्ये केबलला थोडा ढिलेपणा द्यावा. क्लिपांनी केबल केवळ धरून ठेवायची असते, आवळायची नसते.

ग्रीस लावताना हात राखून लावा. केबलसाठीचे ग्रीस बोटांवर घेऊन तारेवर पातळ थर द्या, पण मीटरकडचे शेवटचे १५ ते २० सेंटीमीटर कोरडेच ठेवा, कारण पिळाची तार फिरताना स्क्रूसारखी वागते आणि ग्रीस हळूहळू वर चढवते. मीटरकडचा नट हातानेच बसवावा. पक्कड लागत असेल तर आटे तिरके बसले आहेत किंवा तार रेटते आहे असे समजून पुन्हा सोडवावा.

मीटरकडचे टोक जोडण्यापूर्वी एक परीक्षा करा. पुढच्या चाकांना आणि जमिनीवरच राहणाऱ्या मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा, दुसरे मागचे चाक उचलून अ‍ॅक्सल भक्कम स्टँडवर टेकवा आणि गिअर न्यूट्रलमध्ये ठेवा. पुष्कळ जुन्या ट्रकांचा हँडब्रेक गिअरबॉक्सपासून मागच्या अ‍ॅक्सलकडे जाणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टवर काम करतो. तो ओढलेला असेल तर चाक फिरणार नाही, म्हणून तो सोडावा लागतो आणि सारी भिस्त ठोकळ्यांवर असते. आता उचललेले चाक हाताने फिरवा आणि केबलच्या वरच्या चौकोनी टोकाकडे पाहा. ते एकसारखे, न थबकता फिरले तरच मीटर जोडा.

प्रश्न : माझ्या ट्रकच्या मीटरच्या काचेच्या आत तेलाचा ओघळ दिसतो. केबलला मी ग्रीस अगदी कमी लावले होते. हे तेल कोठून आले?

उत्तर : ते गिअरबॉक्सचे तेल आहे. लहान गिअरच्या दांड्यावर असलेले ऑइल सील किंवा त्याच्या बाहेरची रबरी रिंग कडक झाली की तेल आवरणात शिरते आणि तारेच्या पिळावरून मीटरपर्यंत चढते. सील आणि रिंग दोन्ही बदला, केबल धुऊन पूर्ण वाळवा आणि मगच नव्याने ग्रीस लावा. मीटर आतून साफ करून घ्यावेच लागेल. नुसती काच पुसून भागणार नाही.

प्रश्न : माझ्या ट्रकला टू-स्पीड अ‍ॅक्सल आहे, म्हणजे मागच्या अ‍ॅक्सलमध्येच हाय आणि लो अशा दोन गती आहेत. हायमध्ये मीटर बरोबर चालते, पण लोमध्ये घातल्यावर ते प्रत्यक्षापेक्षा बराच जास्त वेग दाखवते. केबल सदोष असेल का?

उत्तर : केबलचा यात काही दोष नाही. तार एक तर फिरते किंवा फिरत नाही, ती वेगाचा हिशेब बदलू शकत नाही. आपले मीटर गिअरबॉक्सवर चालते आणि गतीचा बदल त्याच्या पुढे, अ‍ॅक्सलमध्ये होतो. लोमध्ये शाफ्टच्या तेवढ्याच फेऱ्यांत चाके कमी फिरतात, आणि मीटरला हे कळावे म्हणून गिअरबॉक्स आणि केबल यांच्यामध्ये एक लहान अ‍ॅडॅप्टर बसवलेला असतो, जो अ‍ॅक्सलबरोबर आपले प्रमाण बदलतो. आपल्या ट्रकात तो हायच्याच स्थितीत अडकला असावा, किंवा कोणीतरी तो काढून केबल थेट जोडली असावी.

खात्री अशी करा. पुष्कळ मीटरांची आखणी मैलाला १,००० फेरे धरून केलेली असते. आपल्या मीटरच्या तबकडीवर वेगळा आकडा छापलेला असेल तर तो धरावा. मीटरकडचे टोक सोडवून तारेला कागदाचे छोटे निशाण चिकटवा, ट्रक न्यूट्रलमध्ये सपाट जागेवर १६.१ मीटर, म्हणजे मैलाचा शंभरावा भाग, सरळ ढकला आणि निशाणाचे फेरे मोजा. १,००० च्या मीटरसाठी हायमध्ये आणि लोमध्येही ते १० भरले पाहिजेत. लोमध्ये १० पेक्षा स्पष्टपणे जास्त भरले तर अ‍ॅडॅप्टर खोलून पाहा, आणि तो विजेवर किंवा व्हॅक्यूमवर चालणारा असेल तर त्याआधी त्याची वायर अथवा नळी सुटलेली नाही ना, हे तपासा.